वाटीभर दाणे होईपर्यंत

गेल्या महिन्यात लातूरला माझ्या नव्या गाडीचा भलामोठा पडदा सकाळी सकाळी काळा पडला. गाणं नाही, नकाशा नाही, मागचा कॅमेरा नाही. सर्व्हिस सेंटरला गेलो. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका तज्ज्ञाने लॅपटॉप जोडला, तासभर टकटक केलं, वरच्या कुणाला तरी फोन लावला आणि शेवटी बॉनेट उघडून बॅटरीची काळी वायर काढली. काढली आणि लगेच परत लावायला निघाला. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "अहो, वीस मिनिटं तरी थांबा की!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी चपला घालून देवळात शिरलोय. "सर, तसं काही नसतं," तो म्हणाला.

"असतं," मी म्हटलं. "आणि तुमच्याकडे शेंगा आहेत का?"

शेंगांचं त्याला काही समजलं नाही, यात त्याचा दोष नाही. त्यासाठी मुखेडच्या मिस्त्रींच्या बाकड्यावर बसलेलं असावं लागतं.

मुखेडात गाड्यांचे मिस्त्री पुष्कळ होते, पण "मिस्त्रीकडं गेलतो" एवढंच कुणी म्हटलं की ते हेच. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. गाडीच्या वायरिंगचं काम करायचे. इंजिनाला हात लावायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "मी डोक्याचा डॉक्टर हाय, पोटाचा न्हाई." मी तेव्हा तिथल्या कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होतो. दर शनिवारी एक जुनी, लहान, पांढरी गाडी घेऊन मुरुडला आईकडे जायचो आणि सोमवारी सकाळी परत यायचो. विजेबद्दल आपल्याला सगळं कळतं, असा माझा त्या काळी ठाम समज होता. तो समज मिस्त्रींनी फार मायेने मोडला.

माणूस वाळका, उंच. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सकाळी लावलेले संध्याकाळपर्यंत घामाने पुसट झालेले. मनगटी घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं. गळ्यात दोन दोरे. एकात इष्टलिंग आणि दुसऱ्यात दहा नंबरचा पाना, तोंड सोडून लाल चिकटपट्टीने गुंडाळलेला. बॅटरीच्या वायरीचा नट या पान्याने निघतो. मी एकदा विचारलं, पाना खिशात का ठेवत नाही? तर म्हणाले, "दहाचा पाना आन् इमान, खाली ठिवलं की सापडत न्हाई, सर."

त्यांची पद्धत ठरलेली होती. गाडी आली की आधी मशीन जोडून तिच्या पोटातले दोष वाचायचे आणि शाळकरी पोरांच्या दुरेघी वहीत लिहून ठेवायचे. गाडीचा नंबर, तारीख, दोष. मग गाडीवाल्याला विचारायचे, "हिला काय काय इसरायला लावू?" गाडीवाल्याने ते मोठ्याने सांगायचं. मग आधी काळी वायर, मग लाल. मग एक पितळी वाटी आणि पाटीभर भुईमुगाच्या शेंगा आणून गाडीवाल्यासमोर ठेवायच्या. "सोला. वाटी भरली की वीस मिनिटं झाली समजायची." वाटी भरली की आधी लाल वायर, मग काळी. काळी लावताना कानडीत आकडे मोजायचे, "ओंदु, एरडु, मूरु", आणि तिसऱ्या आकड्याला वायर बसवायची. त्यांची आई बीदरकडची होती. लहानपणी ती काटा काढताना असे आकडे मोजायची, म्हणून. आणि सगळ्यात शेवटी दारातून आत वाकून गाडीचं घड्याळ स्वतःच्या घड्याळाशी जुळवून द्यायचे. ते काम दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. "हिला येळ कळली की ही शुद्धीवर आली," म्हणायचे.

सोललेले दाणे मागच्या दाराने घरात जायचे. काकूंची शेंगाचटणी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती, आठवडी बाजारात दुपारच्या आत संपायची. म्हणजे आख्खा तालुका ह्यांच्या बायकोच्या चटणीसाठी फुकट शेंगा सोलतो, वर ह्यांनाच पैसे देऊन जातो! मी हे मिस्त्रींना तोंडावर बोलून दाखवलं होतं. ते पोट धरून हसले. म्हणाले, "मग? गाडी बिघडली म्हून मानूस चिडलेला आस्तो. चिडलेल्या मानसाच्या हाताला काम लागतंय. न्हाईतर तो हॉर्न वाजवून पाहतो."

आमची पहिली भेट भांडणाने झाली. गाडीच्या काचेमागे एअरबॅगचा लाल दिवा पेटला होता. मिस्त्रींनी माझ्या पुढ्यात वाटी ठेवली आणि मला राग आला. मी त्यांना कपॅसिटर समजावून सांगायला लागलो. वायर काढल्यावर हेडलाइटचं बटण दाबलं की उरलीसुरली वीज क्षणात निघून जाते, वीस मिनिटांची गरज नाही, हे सगळं शास्त्र आहे, वगैरे. फळा असता तर आकृतीच काढली असती. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, एअरबॅगच्या डब्यात तिची येगळी शिदोरी आस्ती. ती तुमच्या हेडलाइटच्या बटणाला भीक घालीत न्हाई. सोला."

ती शिदोरी, म्हणजे वेगळी साठवलेली वीज, खरोखरच असते, हे मी घरी जाऊन वाचलं. त्या दिवशी मात्र मी फणफणत शेंगा सोलल्या. वाटी भरल्यावर मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालत म्हणाले, "आईनं काय पाठिवलतं?"

"म्हणजे?"

"सीटखाली काय कोंबलतं? ज्वारी?"

मुरुडहून निघताना आईने ज्वारीचं पोतं मागे बसवलं होतं आणि हुरड्याची पिशवी माझ्या सीटखाली पायाने ढकलून ढकलून बसवली होती. त्या ढकलाढकलीत सीटखालची पिवळी वायर सुटली होती. मिस्त्रींनी ती टक् करून बसवली, मशीनने दिवा घालवला, घड्याळ लावलं. "आईला सांगा, हुरडा डिक्कीत. सीटखाली गाडीची नस आस्ती." वर पुढच्या सोमवारी येताना थोडा हुरडा त्यांनाही आणायचा, असं सांगून टाकलं.

मिस्त्रींना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. त्यामुळे बाकड्याच्या डाव्या टोकाला त्यांचं स्टूल आणि त्यांच्या उजव्या हाताला सगळं जग, अशी मांडणी. ते जन्मापासूनचं असेल, असं मला बरेच दिवस वाटत होतं. एकदा वाटी न्यायला आलेल्या काकूंनीच सांगितलं. ऐन तारुण्यात मिस्त्री पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये होते. गिऱ्हाईक घाई करत होतं, मालक घाई करत होता, म्हणून यांनी वायर काढल्या काढल्या स्टिअरिंगमध्ये डोकं घातलं आणि एअरबॅग फुटली. "कानातून रगात आलं, आठ दिस उलट्या," काकू म्हणाल्या. "तवापासून ह्यांला घाई म्हणलं की अंगावर काटा येतो. तुम्हा लोकांच्या घाईला वेसण म्हून ह्या शेंगा हायत, सर. चटणी मी नंतर काढली." मला माझ्या कपॅसिटरच्या व्याख्यानाची फार लाज वाटली. मिस्त्रींना तेव्हा हे सांगून माझं तोंड एका वाक्यात बंद करता आलं असतं, पण त्यांनी ते केलं नव्हतं.

शेंगांपुढे सगळे सारखे. एकदा एक मोठे साहेब आले. गाडी भिंतीएवढी, आत दिव्यांची आरास पेटलेली, खरे-खोटे सगळे इशारे एकदम. साहेबांनी वाटी ड्रायव्हरकडे सरकवली. मिस्त्री म्हणाले, "गाडी कुणाची?"

"साहेबांची," ड्रायव्हर म्हणाला.

"मग शेंगा बी साहेबांच्या."

ड्रायव्हरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. साहेब लालबुंद झाले, मग आजूबाजूला आम्ही चार-पाच जण सोलत बसलेले पाहून बाकड्यावर टेकले. पाच मिनिटांत त्यांनी बाह्या वर केल्या. दहा मिनिटांत ते आपल्या आजोळच्या खळ्याची गोष्ट सांगायला लागले. निघताना खिशात मूठभर दाणे घेऊन गेले. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि वाटी आत पाठवली.

दुसऱ्या वेळी तर नवरदेवाचीच गाडी. फुलांनी मढवलेली, आणि दारांचं कुलूप आपोआप उघडतंय, आपोआप बंद होतंय. वऱ्हाड पुढे लग्नाच्या गावी, जांबला, पोचलेलं. नवरदेव मुंडावळ्या बांधून बाकड्यावर. मिस्त्रींनी विचारलं, "मुहूर्ताला टाइम हाय का?"

"हाय, पण काका, तिकडं लोक..."

"हाय न्हवं? मग सोल."

मुंडावळ्या बाजूला सारत शेंगा सोलणारा तो नवरदेव माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सुरुवातीला त्याचे निम्मे दाणे जमिनीवर पडत होते. अर्धी वाटी होईस्तोवर सगळे वाटीत पडायला लागले. त्याचा मामा मागून ओरडत होता, तर मिस्त्रींनी त्याच्यापुढेही एक मूठ टाकली.

बॅटरीची वायर काढून गाडीला सगळं विसरायला लावणं हा त्यांचा हातखंडा, पण त्यावर त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. एक वाक्य ते प्रत्येकाला ऐकवायचे: "इसरून परत येत न्हाई तो भास. परत येतो तो आजार." दिवा पुन्हा पेटला तर तीन वेळा सांगून पाहायचे, की आता वायर काढून उपयोग नाही, वस्तू बदलावी लागेल. वहीत मागचं सगळं लिहिलेलं असायचं. "गाडी इसरती, वही इसरत न्हाई," हे दुसरं वाक्य.

आता सांगतो ते मला सांगताना अजून जड जातं.

माझी लातूरला बदली ठरली आणि ती पांढरी गाडी विकायचं मी ठरवलं. त्याआधी दोन-तीन महिन्यांपासून तिच्या स्टिअरिंगचा पिवळा दिवा अधूनमधून पेटत होता. आताच्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते. ही मदत अचानक बंद पडली की चाक दगडासारखं जड होतं. एकदा जांबच्या अलीकडे वळणावर ती बंद पडली. समोर उसाचा ट्रॅक्टर. दोन्ही हातांनी, जिवाच्या आकांताने मी गाडी वळवली आणि पुढे जाऊन बाभळीखाली पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. मिस्त्रींनी दोनदा वायर काढून पाहिली होती. दोन-तीन दिवस बरं चालायचं, मग दिवा परत. दुसऱ्या वेळी त्यांनी वहीत एक रेघ ओढली आणि म्हणाले, "सर, हा आजार हाय. मोटरीसकट स्टिअरिंगचा आख्खा दांडा बदलावा लागंल. लातूरला मिळंल." खर्च मोठा होता. विकायच्याच गाडीवर कोण करतो?

गाडीसाठी बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातून फोन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. वडिलांचं आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस होतं. एसटीने नेताना त्यांचे हाल होतात म्हणून बाईंनी दोन महिने क्लास लावून गाडी शिकून घेतली होती. स्वतः चालवणार होत्या. "उद्या सकाळी येते, सर," म्हणाल्या. "शिक्षकाची गाडी आहे म्हणून काळजी नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकूनही मी संध्याकाळी गाडी मिस्त्रींकडे नेली. नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, "काय इसरायला लावू?"

मी म्हणालो, "स्टिअरिंगचा दिवा. उद्या गिऱ्हाईक येतंय. दोन दिवस टिकलं तरी पुरे."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता नाही म्हणतील, चार शब्द सुनावतील. मी भांडायच्या तयारीतच होतो, "सगळेच असं विकतात" हे वाक्य जिभेवर होतं. पण ते फक्त म्हणाले, "गाडी तुमची हाय." आणि त्यांनी पाना गळ्यातून काढला.

त्यांनी शेंगा आणल्या नाहीत. वाटीही नाही. मी मोकळे हात घेऊन बाकड्यावर बसलो आणि ती वीस मिनिटं संपता संपेनात. मिस्त्री स्टुलावर पाठ वळवून एका जुन्या हॉर्नची तार गुंडाळत होते. वायर लावताना त्यांनी ओंदु-एरडु म्हटलं नाही. दिवा गेला होता. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. मी पैसे काढले तर त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाले, "घड्याळ तुम्ही लावा, सर."

घरी येऊन गाडीत बसलो. घड्याळ बारा वाजून काही मिनिटं दाखवत होतं, बाहेर दिवेलागण झालेली. बटण दाबायचं, आकडे पुढे सरकवायचे, अर्ध्या मिनिटाचं काम. माझा हात बटणापर्यंत दोनदा गेला. मग मी काच वर केली आणि घरात निघून गेलो.

सकाळी बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा, अंगात भरतकामाचा कुडता. सोबत वडील, त्यांना त्या आण्णा म्हणत. आण्णांच्या डाव्या हाताला कोपराजवळ पट्टी होती. बाईंनी नरसीच्या रस्त्यावर दहा किलोमीटर गाडी चालवली, मी शेजारी, आण्णा मागे. गाडी शहाण्यासारखी चालली. बाई खुशीत होत्या. "वळणावर मला अजून भीती वाटते, सर," त्या म्हणाल्या, "पण हिचं स्टिअरिंग किती हलकं आहे!"

मी हूं म्हणालो.

मागून आण्णा म्हणाले, "घड्याळ चुकून राहिलं की हो. दोनच वाजले ह्यात."

"लावायचं राहिलं," मी म्हणालो.

मुखेडात परत शिरताना वाटलं, आता चहा, मग कागद, मग संपलं. तर बाईंनी गाडी बाजाराकडे वळवली. "आमच्या शाळेतल्या सगळ्यांनी सांगितलंय," त्या म्हणाल्या, "मुखेडला एक मिस्त्रीकाका आहेत, ते हो म्हणाले तरच गाडी घ्यायची. तुम्ही ओळखत असाल ना?"

ओळखत होतो.

मिस्त्री स्टुलावर होते. शेजारी खोक्यावर ती दुरेघी वही. त्यांनी गाडी पाहिली, बाईंना पाहिलं, आण्णांच्या हातावरची पट्टी पाहिली. शेवटी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी सगळं सांगितलं. डायलिसिस, एसटी, नवं लायसन. म्हणाल्या, "काका, तुम्ही फक्त सांगा, हिच्यात काही दोष आहे का?"

वही हाताच्या अंतरावर होती. एक पान उलटलं असतं की काम झालं असतं. मी मनातल्या मनात नोकरी, बदली, गावातली अब्रू, सगळ्याचा हिशेब घालून मोकळा झालो होतो.

मिस्त्री म्हणाले, "वीस मिनिटं लागतेत, मॅडम. बसा." आणि आत जाऊन त्यांनी तीन वाट्या आणि पाटीभर शेंगा आणल्या.

त्यांनी बॉनेट उघडलं नाही. पाना गळ्यातच होता. मशीन फडताळावर. बाईंना ही पद्धत माहीत नव्हती, त्यांना वाटलं काही तपासणी आपोआप चालू असेल. त्या भराभर सोलायला लागल्या. मला मात्र कळत होतं की गाडीची एकही वायर निघालेली नाही. ही वीस मिनिटं गाडीची नव्हती, माझी होती. मिस्त्रींनी स्टूल थोडं वळवून घेतलं, उजवा कान माझ्याकडे येईल असं, आणि डोळे रस्त्यावर लावून बसले.

आण्णांना डावा हात वापरता येत नव्हता. ते शेंग गुडघ्यावर धरून उजव्या अंगठ्याने दाबत, टरफल फुंकून उडवत आणि दाणे वाटीत टाकत. तरी त्यांची वाटी माझ्यापुढे गेली होती, कारण माझ्या बोटांना शेंगच फुटेना. त्यांनी माझ्या वाटीत डोकावून पाहिलं. मग आपल्या वाटीतले मूठभर दाणे उचलून माझ्या वाटीत टाकले. "तुमचं मागं पडून राहिलं, सर," म्हणाले. "सवय न्हाई वाटतं."

मला राहवलं नाही. "मॅडम," मी म्हणालो, "या गाडीचं स्टिअरिंग खराब आहे."

त्यांचे हात थांबले.

मी सगळं सांगितलं. जांबचं वळण, ट्रॅक्टर, पिवळा दिवा, कालची संध्याकाळ. दिवा मुद्दाम घालवला हे सांगितलं. दोन दिवसांत परत आला असता हेही सांगितलं. कुठल्या वळणावर ते मात्र माझ्याच्याने बोलवलं नाही. आण्णा माझ्याकडे पाहत होते, म्हणून मी वाटीकडे पाहून बोललो.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी चष्मा काढून ओढणीला पुसला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "सर, तुम्ही शिकवता ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, आणि मला आजही वाटतं, की त्यांनी विचारायला हवं होतं. आण्णाच शेवटी म्हणाले, "जाऊ दे, माय. सांगितलं की त्यानं."

ती गाडी पुढे त्यांनीच घेतली. मी लातूरहून नवा दांडा आणून बसवून घेतला, मिस्त्रींनी पंधरा दिवस ती स्वतःच्या दारात उभी करून रोज चालवून पाहिली आणि मगच बाईंना फोन केला. वहीत माझ्या गाडीच्या पानावर खाली "बरी झाली" असं लिहिलं. ते पान त्यांनी मला आपणहून दाखवलं. आता मिस्त्रींनी काम सोडलंय. उजवा कानही साथ देत नाही, फोनवर काकू मध्ये दुभाष्याचं काम करतात. सर्व्हिस सेंटरची गोष्ट मी त्यांना कळवली, तर तिकडून ओरडून विचारलं, "किती मिनिटं थांबला त्यो?" आयुष्यात मला पुष्कळ विद्वान भेटले, पण माणसाला न दुखवता खरं बोलायला लावणारा हा एकच. त्यांनी त्या दिवशी वही उघडली असती तर मी त्यांच्यावर जन्मभर रागावलो असतो, आणि खरं बोललो असं मला कधीच म्हणता आलं नसतं.

पण त्या सकाळी यातलं काहीच मला सुचत नव्हतं. मी मान खाली घालून बसलो होतो. मिस्त्री उठले. हात धोतराला पुसले, गाडीचं दार उघडून आत वाकले, मनगट उलटं करून आपल्या घड्याळात पाहिलं आणि गाडीचं घड्याळ लावलं. आकडे एकेक करून पुढे जाताना बटणाचा टक टक आवाज मला ऐकू येत होता. मग दार हळूच लोटून ते परत आले आणि माझ्या वाटीत डोकावले.

"अर्धीच हाय, सर," ते म्हणाले. "सोला की."